मासळीची पाटी डोक्यावर, संस्थेची वही दुसऱ्याच्या हाती

भीमा नदीतून आणि उजनी धरणाच्या पाणफुगवट्यातून निघणारी मासळी ग्राहकाच्या ताटात पोचते ती दोघांच्या कष्टांतून. पाण्यातील काम बहुतांशी पुरुषांचे, तर पाण्याबाहेरचे बहुतांशी स्त्रियांचे. जाळ्यातून मासे सोडविणे, आकारानुसार निवडणे, बर्फात लावणे, उरलेला माल सुकविणे, पाटी घेऊन बाजार गाठणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे आणि दिवसअखेर हाती आलेल्या पैशांत व्यापाऱ्याची उचल, घरचा किराणा व जाळ्याचे सूत यांचा मेळ घालणे, ही सारी कामे प्रामुख्याने स्त्रियाच करतात. मात्र मच्छीमार सहकारी संस्थेची सभासद नोंदवही उघडली, की तेथे नावे आढळतात ती मुख्यतः पुरुषांची.

मत्स्यव्यवसायातील महिलांच्या नेतृत्वाची चर्चा अलीकडे जागतिक परिषदांपासून जिल्हा कार्यालयांतील कार्यशाळांपर्यंत सर्वत्र होते. प्रशिक्षण, बचतगट आणि राखीव जागा ही या चर्चेतील ठरलेली उत्तरे आहेत. ती चुकीची नसली तरी अपुरी आहेत. नेतृत्वाचा प्रश्न व्यासपीठावर सुटत नाही; तो सभासदत्वाच्या अर्जापाशी अडलेला असतो. मच्छीमार कोणाला म्हणावयाचे, याचे उत्तर ज्याच्या हाती असते त्याच्याच हाती संस्था राहते. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या निमित्ताने हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे.

पाण्याची हद्द आणि बाजाराची हद्द

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा पट्टा वरकरणी उसाचा आणि साखर कारखान्यांचा. परंतु त्याची रचना नद्यांनी केलेली आहे. घोड नदी शिरूर शहरावरून वाहत पुढे भीमेला मिळते. शिरूरला आजही अनेक जण ‘घोडनदी’ म्हणूनच ओळखतात. पुण्याचे पाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस व वाळकी परिसरात भीमेत विसर्जित होते. तेथून दौंड ओलांडून भीमा खाली उतरते आणि राजेगाव, खानवटे या दौंड तालुक्यातील गावांपाशी उजनीचा फुगवटा सुरू होतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली, तरी त्याचे पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या तीन जिल्ह्यांत पसरते.

या पाण्यावर भोई, कोळी आणि इतर समाजांतील हजारो कुटुंबांची उपजीविका उभी आहे. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम यांच्या जोडीला, किंबहुना त्यांना मागे सारून, चिलापी या परदेशी माशाने उजनीत बस्तान बसविले आहे. भिगवणचा मासळी लिलाव हे या व्यापाराचे प्रमुख केंद्र. तेथून माल पुण्याकडे आणि परराज्यांतही जातो. आणि त्याच मालातील काही भाग पाट्या व टोपल्यांतून दौंड, पाटस, केडगाव, शिरूर अशा गावांच्या बाजारांत पोचतो. मोठा व्यापार टेम्पोवाल्यांचा आणि आडत्यांचा; किरकोळ विक्री प्रामुख्याने महिलांची.

येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावयास हवा. मच्छीमार संस्थेचे कार्यक्षेत्र पाण्यावरून ठरते. अमुक तलाव, अमुक जलाशय किंवा नदीचा अमुक टप्पा ही तिची हद्द. विक्रेत्या महिलेचे कार्यक्षेत्र मात्र बाजारावरून ठरते. सकाळी इंदापूर तालुक्यात लिलावाला उभी राहणारी बाई दुपारी दौंड तालुक्यात विक्री करते, आणि तिने घेतलेला मासा कर्जत किंवा करमाळ्याच्या काठावर पकडलेला असू शकतो. तिच्या अडचणी (लिलावातील वजनमाप, बर्फाचा भाव, बसण्याची जागा, उचलीवरील व्याज) कोणत्याही एका संस्थेच्या हद्दीत मावत नाहीत. त्यामुळेच तिला गावापुरत्या मंडळापेक्षा अनेक बाजारांना जोडणाऱ्या संघटनेची, म्हणजे महिलांच्या जाळ्याची, गरज अधिक आहे. तसेच या जाळ्याचा कारभार नेहमीच्या सहकारी संस्थेच्या साच्यात बसविता येणार नाही, हेही त्यातून ओघानेच येते.

दोन जागांचे गणित

कायद्याने महिलांसाठी काहीच केलेले नाही असे नाही. ९७ व्या घटनादुरुस्तीने २०१२ पासून सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत महिलांसाठी दोन जागा राखीव ठेवण्याची तरतूद आली. तिला अनुसरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपल्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात दुरुस्ती केली. पुढे २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीतील सहकारविषयक भाग राज्यांच्या हद्दीतील संस्थांपुरता अवैध ठरविला. निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतलेली नव्हती, हे त्याचे कारण. परंतु राज्याने स्वतःच्या अधिकारात केलेली तरतूद त्यामुळे आपोआप पुसली गेली नाही.

खरी मेख या तरतुदीच्या शब्दरचनेत आहे. कलम ७३-क प्रमाणे दोन जागा राखीव आहेत त्या ‘त्या वर्गातील सभासद असलेल्या’ संस्थांत, आणि महिला सभासदांचे प्रतिनिधित्व करण्यासाठी. याचा सरळ अर्थ असा, की ज्या संस्थेत महिला सभासदच नाहीत तेथे राखीव जागेचा प्रश्नच उपस्थित होत नाही. सभासद करून घेण्याचे टाळले की आरक्षण टळते. कायद्याचा भंग न करता कायद्याचा हेतू निष्फळ करण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नसेल.

महिला सभासद का होत नाहीत, याची कारणे संस्थाचालकांकडून ऐकावयास मिळतात ती साधारण तीन प्रकारची असतात. पहिले, त्या प्रत्यक्ष मासेमारी करीत नाहीत. दुसरे, घरातील पुरुष सभासद असताना वेगळे सभासदत्व कशाला. तिसरे, सभासद वाढले की ठेक्यातील वाटा घटतो. यातील पहिले कारण वस्तुस्थितीला धरून नाही. होडीत नवरा जाळे ओढीत असताना वल्हे बायकोच्या हाती असते, अशी कुटुंबे फुगवट्यावर कमी नाहीत. शिवाय मासेमारी म्हणजे केवळ पाण्यातील क्रिया, हा समजच जुना झाला आहे. मासळीची निवड, प्रक्रिया आणि विक्री हा मत्स्यव्यवसायाचाच भाग आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या लघु मासेमारीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे मान्य केले आहे. त्याच संघटनेने सहयोगी संस्थांसह २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासानुसार लघु मासेमारीच्या साखळीत सहभागी असणाऱ्या दर दहा जणांत चार स्त्रिया आहेत. त्यांची संख्या सुमारे साडेचार कोटी भरते. जाळे टाकणाऱ्यांचीच गणती केली तर यातील बहुसंख्य स्त्रिया अदृश्य होतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणात मात्र तथ्य आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ज्या संस्थेला लहानसा तलाव ठेक्याने मिळाला आहे तिच्यापुढे सभासदसंख्येचा प्रश्न खरोखरच पोटाचा असतो. एका घरातून दोन सभासद झाले, तर दुसऱ्या घराचा वाटा कमी होईल, ही भीती निराधार नाही. यावर अनेकदा सुचविला जाणारा तोडगा म्हणजे महिलांना सहयोगी सभासद करून घ्यावे. परंतु सहयोगी सभासदाला मतदानाचा हक्क मिळतो तो मुख्य सभासदाच्या अनुपस्थितीत. म्हणजे नाव वहीत आले तरी आवाज सभेत पोचत नाही. त्यापेक्षा उपविधींत मासळीचा वाटा कुटुंबानिहाय आणि मत व्यक्तिनिहाय असा भेद करणे अधिक न्याय्य ठरेल. उत्पन्नाची वाटणी जशी आहे तशी राहील, मात्र निर्णयात दोघांचाही भाग असेल. या भेदावर चर्चा झाल्यास विरोधाचा बराचसा भाग गळून पडण्याची शक्यता आहे.

सहीपुरते नेतृत्व

सभासदत्व मिळाले, राखीव जागाही मिळाली, तरी पुढचा धोका संपत नाही. महाराष्ट्राला या धोक्याचा दीर्घ अनुभव आहे. १९९४ मध्ये महिला धोरण आखणारे हे देशातील पहिले राज्य. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांना एकतृतीयांश जागा दिल्या. राज्याने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. या तीन दशकांत गावोगावी कर्तबगार महिला सरपंच उभ्या राहिल्या, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर ‘सरपंचपती’ हा शब्दही याच काळात रूढ झाला. खुर्चीवर पत्नी आणि कारभारात पती, ही रीत ग्रामपंचायतीत जितकी सहज रुळली तितकीच ती मच्छीमार संस्थेतही रुळू शकते.

मत्स्यव्यवसायात या रीतीला आता आर्थिक आमिषाचीही जोड मिळाली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के अर्थसाहाय्य मिळते, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के. महिलांना प्रोत्साहन देण्याचा हेतू स्वागतार्हच आहे. परंतु २० टक्क्यांच्या या फरकासाठी घरातील स्त्रीच्या नावे अर्ज करून पिंजरे, तळी किंवा वाहन दुसऱ्यानेच वापरावयाचे, हा मोहही त्यातून निर्माण होतो. अनुदानापुरती महिला संस्था आणि ठेक्यापुरत्या महिला संचालक यांच्यापासून नेतृत्व उभे राहत नाही. उलट कर्जाची जबाबदारी मात्र तिच्या नावावर राहते.

दुसरीकडे, ज्या महिलेला खरोखर भांडवल हवे आहे ती योजनेच्या चौकटीबाहेर राहते. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मच्छीमारांनाही खुली झाली आणि तिच्या निकषांत महिला गटांचा उल्लेखही आहे. परंतु लाभार्थ्याकडे तळे, तलाव, नौका, जाळे असे काही मालकीचे वा भाडेपट्ट्याचे असावे आणि आवश्यक परवाना असावा, ही अट तिला लागू होते. जिची मालमत्ता म्हणजे पाटी, विळी आणि बर्फाची पेटी, ती या अटीत कशी बसणार? महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा लाभ तळेधारकांपर्यंतच थांबणार की पाटीवालीपर्यंत पोचणार, हे ‘मच्छीमार’ या शब्दाची व्याप्ती किती धरली जाते यावरच ठरेल.

किनाऱ्यापासून तलावांपर्यंत

महाराष्ट्रात मासळीच्या धंद्यातील स्त्रियांनी नेतृत्व केलेच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत मासळीविक्री ही कोळी स्त्रियांची पिढीजात मिरास आहे, आणि मासळी बाजारातील जागा हा त्यांचा मानबिंदू. २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने छत्रपती शिवाजी महाराज मंडईतील मासळीविक्रेत्यांना ऐरोलीकडे हलविण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा कोळी महिलांनी रस्त्यावर येऊन त्याला विरोध केला. पालघर किनाऱ्यावरून पूर्णिमा मेहेर यांच्यासारख्या कार्यकर्त्या राष्ट्रीय पातळीवरील मच्छीमार चळवळीत पुढे आल्या. किनाऱ्यावरील स्त्रियांच्या या बळाचे कारण उघड आहे. तेथे बाजार त्यांच्या हातात आहे, आणि बाजार हातात असला की बोलण्याला वजन येते.

गोड्या पाण्यातील चित्र याहून वेगळे असले तरी निराशाजनक नाही. पूर्व विदर्भात मालगुजारी तलावांवर जगणाऱ्या ढीवर समाजातील महिलांचे उदाहरण यासंदर्भात मोलाचे आहे. गोंदिया जिल्ह्यात शालू कोल्हे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने महिला एकत्र आल्या आणि तलावांत माजलेले बेशरमीचे रान काढणे, देशी पाणवनस्पती लावणे अशा कामांत उतरल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी स्थानिक माशांचा आणि पाणवनस्पतींचा जो अभ्यास मांडला, त्याचा या कामाला आधार मिळाला. या उदाहरणातून एक धडा मिळतो. तेथील महिलांनी आपले नेतृत्व तलावाच्या प्रत्यक्ष कामातून सिद्ध केले आणि त्यानंतर त्यांचा शब्द टाळणे कठीण झाले.

केरळने तिसरा मार्ग पत्करला. तेथील शासनाने २००५ मध्ये मच्छीमार महिलांसाठी स्वतंत्र साहाय्य संस्था स्थापन केली आणि तिच्यामार्फत महिलांचे लघुउद्योग गट उभे केले. शासनाच्या पाठबळामुळे कामाला स्थैर्य आले. परंतु अशा रचनेत धोरण वरून खाली येते, ही मर्यादाही राहतेच. परदेशांत पाहिले, तर युरोपात २००६ मध्ये ‘अक्टिया’ हे मच्छीमार महिलांच्या संघटनांचे जाळे स्थापन झाले आणि आफ्रिकेत २०१७ मध्ये मासळीवर प्रक्रिया व व्यापार करणाऱ्या महिलांचे खंडव्यापी जाळे आकाराला आले. आफ्रिकेतील जाळ्याच्या नावातच ‘प्रक्रिया आणि व्यापार करणाऱ्या’ हे शब्द आहेत, ही गोष्ट सूचक आहे. जाळे फेकणारा तोच मच्छीमार, ही व्याख्या त्यांनी नाव ठेवतानाच बाजूला सारली.

कारभाराचे नियम

दौंड-शिरूरच्या पट्ट्यात असे जाळे उभे राहावयाचे असेल तर त्याचा कारभार कसा असावा? महाराष्ट्रात त्यासाठी पायाभूत अनुभव उपलब्ध आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाची लोकसंचालित साधन केंद्रे आणि ‘उमेद’ अभियानातील ग्रामसंघ-प्रभागसंघ यांतून हजारो ग्रामीण महिलांनी इतिवृत्त लिहिणे, हिशेब ठेवणे, ठराव मांडणे या गोष्टी आत्मसात केल्या आहेत. मात्र बचतगटांची ही रचना गाव आणि प्रभागाच्या शिडीने वर जाते. मासळीविक्रेत्या महिलांचे संबंध बाजारांशी असल्याने त्यांच्या जाळ्याची वीणही बाजारांप्रमाणेच असावयास हवी. प्रत्येक लिलाव केंद्राला आणि प्रत्येक मोठ्या बाजाराला एक प्रतिनिधी, मग तेथे विक्रेत्या दहा असोत की शंभर, असा नियम केला तर एकाच मोठ्या गावाचे वर्चस्व टळेल.

दुसरा मुद्दा हितसंबंधांचा. मासळीच्या धंद्यातील सर्वच महिलांचे हित एक असते, हे गृहीतक धोक्याचे आहे. घाऊक माल उचलून उधारीवर देणारी व्यापारी महिला आणि तिच्याकडून दोन पाट्या घेणारी किरकोळ विक्रेती या दोघी एका बैठकीत बसू शकतात, परंतु उचलीवरील व्याजाचा विषय निघाला की त्या समोरासमोर येतात. मोठ्या विक्रेत्यांकडे बोलण्याचे धाडस, वाहन आणि फुरसत असल्यामुळे पदे त्यांच्याकडे जाण्याचा संभव अधिक. म्हणून सभासदत्व सर्वांना खुले ठेवावे, पण धंद्यातील महिलांना व्याजाने वा मालाच्या अटीवर उचल देणाऱ्यांना पदाधिकारी होता येऊ नये, असा दंडक आरंभीच घालणे हिताचे ठरेल.

तिसरा मुद्दा पदांच्या मुदतीचा. महिलांच्या अनेक संघटना एका कर्तबगार बाईच्या भोवती वाढतात आणि ती थकली की मोडतात. अध्यक्षपदाच्या दोनच मुदती, आणि प्रत्येक अध्यक्षेबरोबर काम शिकणारी एक उपाध्यक्षा, ही साधी व्यवस्था संघटनेला व्यक्तीपेक्षा दीर्घ आयुष्य देऊ शकते. सहकार कायद्यातही २०१३ च्या दुरुस्तीने सभासद व पदाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आलेली आहे. तिचा उपयोग केवळ प्रमाणपत्रे वाटण्यासाठी न होता लिलावाची पावती, ठेक्याचा करारनामा आणि लेखापरीक्षण अहवाल वाचण्यासाठी व्हावा.

चौथा मुद्दा पैशाचा. बँक खात्यावर दोन वेगवेगळ्या बाजारांतील पदाधिकाऱ्यांच्या सह्या आणि दरमहा जमाखर्चाचे सर्वांसमोर मोठ्याने वाचन, एवढे दोन नियम पाळले तरी संशयाला जागा उरत नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचलेला हिशेब हाच खरा अहवाल असतो. बैठकीची वेळ हा वरकरणी किरकोळ वाटणारा मुद्दाही येथे महत्त्वाचा ठरतो. पहाटे लिलाव, सकाळी विक्री आणि सायंकाळी घर अशा दिनक्रमात सभा कार्यालयीन सोयीने भरविली तर विक्रेत्या महिला येणारच नाहीत. आणि मग त्यांच्या ‘उदासीनते’वर ठपका ठेवला जाईल.

पाण्याविषयी बोलण्याचा अधिकार

हे सारे केवळ संस्थात्मक तपशिलाचे प्रश्न नाहीत. भीमा खोऱ्यातील मासेमारीपुढे आज जी संकटे आहेत त्यांचा पहिला फटका विक्रेत्या महिलेलाच बसतो. पुणे महानगराचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनीत उतरते. जपानच्या अर्थसाहाय्याने ११ मैलाशुद्धीकरण प्रकल्प उभारण्याची ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली, मात्र तिचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. नदीत मासे मेल्याची बातमी आली की गिऱ्हाईक पाटीपाशी थांबत नाही. बंदी असलेल्या मांगूर माशाची बेकायदा तळी उजनी परिसरात उघडकीस आली, तेव्हाही संशयाने पाहिले गेले ते बाजारात बसलेल्या बाईकडे. वडापसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासळी उपसली गेली, तर पुढील हंगामात पाटी रिकामी राहते तीही तिचीच. बेकायदा वाळूउपशाने नदीचे पात्र खरवडले गेले, त्याचीही झळ तिला लागते.

असे असताना प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे किंवा मत्स्यव्यवसाय विभागापुढे मच्छीमारांची बाजू मांडण्यासाठी बोलावले जाते ते संस्थेच्या अध्यक्षांना. संस्थेचे लक्ष स्वाभाविकपणे ठेका, मत्स्यबीज आणि बोटुकली यांवर असते. कोणत्या आठवड्यात कोणत्या भागातील मासळीला वास येत होता, कोणत्या महिन्यात लहान मासळी जास्त आली, भाव कधी कोसळला, ही माहिती दररोज मासा हाताळणाऱ्या महिलांकडे असते. तीन जिल्ह्यांच्या काठांवरील महिलांनी ही नोंद तारीखवार ठेवली तर तिला पुरावा म्हणून मोल येईल, आणि ते काम एका गावच्या संस्थेपेक्षा जाळेच अधिक चांगले करू शकेल.

नगरपरिषदांच्या हातीही बरेच काही आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावे लागतात आणि त्यांत एकतृतीयांश महिला. दौंड आणि शिरूर या दोन्ही शहरांत मासळीविक्रेत्या महिलांनी या समितीतील जागेसाठी संघटितपणे प्रयत्न केले, तर ओटे, पाणी, सांडपाण्याची सोय आणि शौचालय या मागण्या अर्जविनंत्यांच्या पातळीवरून निर्णयाच्या पातळीवर येतील. सहकारी संस्थेचे दार बंद असताना हे दुसरे दार कायद्याने उघडे ठेवले आहे. दुर्दैवाने त्याचा उपयोग फारच थोड्या ठिकाणी होतो.

वेळ का महत्त्वाची

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच वर्षांत दोन लाख नव्या प्राथमिक कृषी पतसंस्था, दुग्ध आणि मत्स्य सहकारी संस्था स्थापन करण्याची योजना मंजूर केली. या लाटेत नव्या मत्स्य संस्थांची नोंदणी होईल तेव्हाच त्यांच्या उपविधींत निवड, प्रक्रिया आणि विक्री करणाऱ्यांचा समावेश झाला तर पुढचा संघर्ष वाचेल. एकदा संस्था पुरुषांच्या यादीने सुरू झाली, की नंतर प्रत्येक महिलेला एकेक अर्ज करून आत शिरावे लागते.

जुन्या संस्थांबाबत तर हा अर्ज हाच मार्ग आहे. सहकार कायद्यानुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळविला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते, आणि नकार मिळाल्यास निबंधकांकडे दाद मागता येते. नव्या सभासदाला मतदानाचा हक्क लगेचच मिळेल असे मात्र नाही. कायदा आणि उपविधी यांतील मुदतीच्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. म्हणून निवडणूक जवळ आल्यावर जागे होऊन उपयोगाचे नाही.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. तेथून तीन महिने मागे मोजले तर जून येतो. पहिल्या पावसाने नदीला गढूळ पाणी येते, मासेमारी मंदावते आणि विक्रेत्या महिलांना वर्षातील थोडीफार उसंत मिळते ती याच दिवसांत. त्या महिन्यात राजेगाव-खानवट्यापासून शिरूरपर्यंतच्या महिलांनी आपापल्या संस्थेकडे सभासदत्वाचे लेखी अर्ज दाखल करून पोचपावती घेतली, तर सप्टेंबरच्या सभेपुढे ‘महिला सभासदच नाहीत’ हे उत्तर देण्याची सोय उरणार नाही. त्यानंतर राखीव जागांवर कोण बसणार, हे त्या महिलांना आपसात ठरवावे लागेल.